आधी जमिनीला

जर्सी सिटीच्या फ्लॅटमध्ये कणीस भाजलं, की मला पेरू देशातला तो डोंगर आठवतो. स्पॅनिश शिकायला मी तिथल्याच एका मावशींकडे राहिले होते, पण बोलायला तोंडच उघडायचं नाही. एकदा आम्ही डोंगर चढलो. धापा टाकत मी मक्याच्या आंबट दारूचा पेला तोंडाला लावणार, तोच मावशी ओरडल्या, "थांब! आधी जमिनीला!" आणि थोडी मातीवर ओतली. "अहो, माझे बाबासुद्धा जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवतात, जमिनीवर भात ठेवतात!" मी बोलतच सुटले. मावशींनी टाळ्याच वाजवल्या, "अगं, स्पॅनिश बोलतेयस तू!" आता जमीन तीस मजले खाली आहे, म्हणून जेवताना पाण्याचा पहिला घोट कढीपत्त्याच्या कुंडीला देते. व्हिडिओ कॉलवर बाबा खूश होतात, पोरगी शेवटी आपल्या वळणावर गेली! त्यांना मी मावशींचं अजून सांगितलेलं नाही.