जमनाबायचे बोंबील

आधी माझी चूक सांगून टाकतो. ती सांगितल्याशिवाय जमनाबाय कोण होती हे सांगता येणार नाही. समुद्रकाठच्या नवापूरच्या जमनाबायची, आणि तिच्यासोबत तिथल्या कितीतरी घरांची, पावसाळ्यासाठी साठवलेली सुकी मासळी माझ्यामुळे सडली. वादळात घरं पडली, पत्रे उडाले, होड्या फुटल्या. त्यातूनही त्या बायकांनी मासळी तेवढी वाचवून आणली होती. ती मी घालवली.

जमनाबायची एक सवय होती. ज्याच्यावर तिचा राग असेल त्याचं नाव ती मांजराला ठेवायची. वाळत घातलेल्या बोंबलांवर टपून बसणारी मांजरं तिच्या अंगणात पुष्कळ, आणि ती राग धरायची ती माणसंही पुष्कळ. विहिरीकडची वाट अडवणाऱ्या थोरल्या दिराच्या नावाचा एक काळा बोका होता. बर्फाच्या कारखान्यातल्या मुकादमाचं नाव एका मांजरीला दिलं होतं. मुकादम पुरुष आहे असं कोणी म्हटलं, तर ती म्हणायची, "असू दे. तो पण असाच घरोघर तोंड घालते." आणि बोयसरच्या बाजारात तिच्या टोपलीभोवती फिरणाऱ्या, एक कान फाटलेल्या बोक्याचं नाव होतं अविनाश. अविनाश म्हणजे मी.

मी भाजी घ्यायला बाजारात गेलो, की मासळीच्या रांगेतून तिचा आवाज यायचा, "अविनाश, मेल्या, हट. दुसऱ्याच्या तोंडचा काढतोस." माझी मान नकळत वळायची. रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि जमनाबाय माझ्याकडे ढुंकूनही न पाहता बोक्याच्या दिशेने हात उगारायची.

तिची माझी ओळख मात्र मी चड्डीत होतो तेव्हापासूनची. आमचं मूळ घर उमरोळीला. थोडी चिकूची झाडं, थोडं भात, आणि दारावर मासळी घेऊन येणाऱ्या बायका. त्यात जमनाबाय आईच्या खास ओळखीची. उंच, सडसडीत, टोपली डोक्यावरून उतरवताना कोणाचा हात लागू न देणारी. बोंबील मोजताना ती आईशी भांडायची, आणि भांडण संपल्यावर मूठभर जवळा वरून टाकून माझ्या गालाला खारट बोटं लावायची. त्या वासात मी वाढलो. हे मुद्दाम लिहितो, पुढे त्याचं काम आहे.

मोठा झाल्यावर मी बोयसरला कारखान्यात लागलो, सुपरवायझर झालो आणि तिथल्याच एका इमारतीत राहायला गेलो. रविवारी एका संस्थेचं काम करायचो. वह्यावाटप, रक्तदान, असं काहीतरी. संस्थेला पैसे एक शेठ द्यायचे. शेठ माझ्याशी नाव घेऊन बोलायचे, याचं मला फार अप्रूप होतं.

ते वादळ पावसाळ्याच्या तोंडावर आलं. किनाऱ्यावरच्या घरांतली माणसं गावाबाहेरच्या उंचावरच्या शाळेत हलवली, आणि तिथल्या छावणीचं काम आमच्या संस्थेकडे आलं. म्हणजे माझ्याकडे. माणसं आली ती भिजलेली, कोणाच्या हातात म्हातारी सासू, कोणाच्या हातात शेळी. आणि जवळजवळ प्रत्येक बाईच्या डोक्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली टोपली किंवा गोणी. त्यात सुके बोंबील, सोडे, जवळा. पावसाळ्यात होड्या बंद असतात. तेव्हा घर चालतं ते या मासळीवर. ती बाईची असते. तिने उन्हात पाठ भाजून ती वाळवलेली असते, बाजारात तीच विकते आणि आलेला पैसा तिच्याच हातात राहतो. जमनाबायने घरातली भांडी सोडून आपल्या गोण्या आणल्या होत्या. सुनेने भांड्यांचं विचारलं तेव्हा म्हणाली होती, "भांड्यात काय शिजवशील? वारा?"

दुसऱ्या दिवशी निरोप आला की शेठ घरच्या मंडळींना घेऊन छावणी बघायला येणार आहेत. शेठ शाकाहारी. छावणीच्या चुलीवर मासळी शिजणार नाही अशी त्यांची अट होतीच, ती मी गुपचूप मान्य केली होती. आता मला वासाची काळजी पडली. ते मला काही बोलले नव्हते. त्यांनी बोलायच्या आधीच मी ऐकलं.

छावणीत सूचना द्यायला एक भोंगा होता, हातात धरून बोलायचा. तो घेऊन मी ओट्यावर उभा राहिलो आणि सांगितलं की ज्यांच्याकडे वासाचा माल आहे त्यांनी तो लगेच बाहेर काढावा, नाहीतर जेवणाच्या रांगेत उभं राहू नये. कोणी हललं नाही. तेव्हा मी आणखी एक वाक्य बोललो. "ही माणसांना राहायची जागा आहे, मासळीबाजार नाही."

जमनाबाय ओट्यापाशी आली. ओरडली नाही. "अविनाश," ती म्हणाली, "तुज्या आयशीला विचार, माज्या बोंबलांचा वास येते का ते."

मी दोन दिवसांचाच प्रश्न आहे म्हणालो. गोण्या टेम्पोत भरून रस्त्यापलीकडच्या अर्धवट बांधलेल्या गोदामात नेल्या, वर ताडपत्री टाकली. संध्याकाळी वारा फिरला, ताडपत्री उडाली आणि पाऊस लागून राहिला. जमनाबायने मला गोदामाकडे बघून यायला सांगितलं, एकदा, पुन्हा एकदा. मी शेठच्या स्वागतात होतो. रस्त्यावर पाणी असल्यामुळे शेठ आलेच नाहीत. पाऊस थांबून आम्ही गोदामात गेलो तेव्हा गोण्यांत आळ्या पडल्या होत्या.

ती रडेल, शिव्या देईल, अशी माझी अपेक्षा होती. तिने नुसतं प्रत्येक गोणीचं तोंड उघडून पाहिलं आणि परत बांधलं, जणू आत काही झोपलं आहे. एवढंच म्हणाली, "मी इसरणार नाय हां."

ती खरंच विसरली नाही. पाणी ओसरल्यावर एका सकाळी ती आमच्या इमारतीत आली, डोक्यावर सडक्या बोंबलांची टोपली घेऊन. रिक्षावाल्यांनी घेतलं नसणार, म्हणजे चालत आली होती. जिन्याखाली माझ्या स्कूटरवर तिने ती टोपली रिकामी केली आणि पायरीवर बसून राहिली. वॉचमन हिंदीत विनवण्या करत होता, ती मराठीतसुद्धा उत्तर देत नव्हती. मी ड्युटीवरून आल्यावर तिने बोटाने दाखवलं. "उचल. तुजा माल हाय." सगळी इमारत गॅलरीत उभी होती. मी हातांनी उचललं. वास किती तरी दिवस गेला नाही, आणि स्कूटर मी शेवटी विकली.

मग मासळीची रांग मला बंद झाली. बोयसरच्या बाजारात मला कोणी मासळी देईना. टोपली समोर भरलेली असली तरी बाई म्हणायची, "संपली, साहेब." पालघरला गेलो, तिथेही तिची भाची बसलेली. तारापूरला एकीने मला पापलेट दिलं, पिशवीत घातलं, आणि मग नाव विचारून परत काढून घेतलं. मी बायकोला भावाबरोबर पाठवून पाहिलं. त्या बायकांनी तिला पाणी पाजलं, तिच्या तब्येतीची चौकशी केली आणि रिकाम्या पिशवीने परत पाठवलं. जमनाबाय कोणावर जबरदस्ती करत नव्हती. छावणीत त्या सगळ्याच होत्या, ते वाक्य सगळ्यांनीच ऐकलं होतं.

माझ्या आईचं मात्र तिने कधी तोडलं नाही. उमरोळीच्या घरी बोंबील वेळेवर पोचायचे, पहिल्यापेक्षा चांगले, आणि सोबत निरोप असायचा की पोराच्या जिभेला लागता कामा नये. आईने तो निरोप तंतोतंत पाळला. मी रविवारी घरी गेलो की ती माझ्यासमोर निखाऱ्यावर बोंबील भाजायची, भाकरीबरोबर चवीने खायची आणि माझ्या ताटात वरणभात वाढायची. एकदा मी चिडून विचारलं, तू कोणाची आई आहेस? ती काटा बाजूला काढत म्हणाली, "तुझीच. म्हणून तर लाज वाटते."

त्या दिवशी मी नवापूरला गेलो. पेढ्यांचा पुडा आणि मासळी साठवायला झाकणाची दोन मोठी पिंपं घेऊन. जमनाबाय अंगणात बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूच्या मांडवावरच्या दोरीवर टाकायची. तिचे हात न बघता चालत होते. मी जवळ जाऊन हळू आवाजात म्हणालो, जमनाबाय, चुकलं माझं.

तिने हातातली जोडी दोरीवर टाकली. "भोंग्यावर बोललास ना? आणि मापी कानात सांगते? भोंगा घेऊन ये."

मी म्हणालो, आता भोंगा कुठून आणू, ती छावणी तर कधीच उठली. ती म्हणाली, "वादळाला काय तोटा हाय? येल परत." पेढे तिने काळ्या बोक्यासमोर टाकले. पिंपं ठेवून घेतली.

भोंगा आणणं अवघड नव्हतं. संस्थेच्या कपाटातच होता. पण तो घेऊन गावात उभं राहायचं म्हणजे बातमी शेठपर्यंत जाणार, आणि मग संस्थेत माझी जागा राहणार नाही. मी पुढची काही वर्षं ते कपाट उघडलं नाही. बाजारात बोका फिरत राहिला.

वादळ परत आलं. तीच शाळा, तोच ओटा. या वेळी माणसं यायच्या आधी मी सगळे वर्ग हिंडून पाहिले. छत न गळणारा वर्ग एकच होता. त्यात मी बाकं एकावर एक रचून घेतली आणि आलेल्या प्रत्येक बाईची गोणी पहिल्यांदा तिथे नेली. जमनाबाय शेवटी आली. थकली होती, एका डोळ्याने दिसत नव्हतं, पण टोपलीला कोणाचा हात नव्हता. तिने खोलीत जाऊन भिंतींना हात लावला, छताकडे मान वर केली. बाहेर येऊन माझ्या बाजूने जाताना सुनेला म्हणाली, "बोक्याला अक्कल आली वाटते."

दुपारी शेठ आले. धान्याचा ट्रक, मागे गाडीत ते आणि फोटो काढणारा. गाडीतून उतरताच पावसाची जोरदार सर आली. व्हरांड्यात पाणी, इतर वर्गांत पाणी. जमनाबाय पुढे झाली आणि कमरेत वाकून म्हणाली, "या शेठ, कोरडी खोली एकच हाय." तिने त्यांना बोंबलांच्या खोलीत नेऊन मधल्या बाकावर बसवलं. चारही बाजूंनी गोण्या. शेठनी रुमाल काढला. जमनाबायने चहा मागवला आणि तो यायला पुष्कळ उशीर लावला. मधेमधे ती आत डोकावून विचारायची, "बरा वाटते ना, शेठ?" खरं सांगतो, मला त्या वेळी मनापासून आनंद झाला. मला वाकायला या माणसाने कधी सांगितलं नव्हतं, तरी माझ्या वाकण्याचा सूड त्याच्यावर उगवलेला मला गोड लागला. त्याची लाज मला नंतर वाटली, तीही थोडीच.

शेठ खोलीतून बाहेर आले ते लाल होऊन. हा काय प्रकार आहे, म्हणाले. हे सगळं बाहेर काढायला सांगा, नाहीतर धान्य इथे उतरणार नाही. आणि माझ्या हातात त्यांनी स्वतः भोंगा दिला.

मी जमनाबायकडे पाहिलं. ती ओट्याखाली बायकांच्या पुढे उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. मी भोंगा तोंडाशी नेला तशी तिने हात वर केला.

"थांब," ती म्हणाली. "अगोदर गोणी उतरू दे."

मी वळून पाहिलं. शेठ आत चहाची वाट बघत बसले होते तेवढ्यात बायकांनी ट्रकमागे रांग लावली होती. ड्रायव्हर स्वतः धान्याच्या गोण्या त्यांच्या खांद्यावर देत होता आणि शेठची ट्रककडे पाठ होती. शेवटची गोणी शाळेत गेली, ट्रकचं फाळकं बंद झालं. जमनाबायने पदराने हात पुसले आणि माझ्याकडे मान हलवली.

ती गेल्या वर्षी वारली. त्या बोक्याचं नाव तिने शेवटपर्यंत बदललं नाही. बाजारात बायका अजूनही त्याला माझ्या नावाने हाकलतात आणि मला मासळी देतात. संस्थेशी माझा संबंध त्या दुपारीच संपला. त्या दुपारी भोंग्यावर मी काय बोललो ते विसरलेलो नाही.

"मी अविनाश बोलतोय," मी म्हणालो. "मागच्या वादळात याच ओट्यावरून मी तुमची मासळी बाहेर काढायला लावली. वास येतो म्हणालो. मला वास येत नव्हता. मी हीच मासळी खाऊन मोठा झालो. शेठना वास येईल म्हणून मी तसं बोललो. माणसांची जागा आहे म्हणालो आणि माणसांचं पावसाळ्याचं अन्न पावसात टाकलं. जमनाबाय, तू मला गोदाम बघून यायला सांगितलंस, मी गेलो नाही. चुकलो मी. मला माफ कर."

पाऊस पत्र्यावर वाजत होता. शेठ गाडीच्या दारात थांबले होते.

जमनाबायने कानामागे हात धरला. "पाऊस हाय," ती म्हणाली. "मागं ऐकू नाय आला. परत बोल."

मी भोंगा परत तोंडाशी धरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "मी अविनाश बोलतोय."