सासरे शेजारच्या सीटवर

मला गाडी चांगली चालवता येते. हे दुसऱ्या कुणीतरी म्हणायची वाट बघत बसले असते तर अजून बसलेच असते, म्हणून मीच सांगते. माझे वडील पाटण खोऱ्यात वडापची जीप चालवायचे. आत माणसं, मागं लोंबकळणारी माणसं आणि टपावर भाताची पोती. उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात नेऊन त्यांनी मला क्लच सोडायला शिकवलं. त्यांचा धडा एकच होता. "गाडी काय म्हणती ते ऐकायचं. ती आधी सांगती, मग बंद पडती."

लग्न होऊन कडेगावला आले तेव्हा घरात ट्रॅक्टर होता, मोटारसायकल होती, चारचाकी नव्हती. नवरा फौजेत, वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचा. पुढं मी उसाच्या रोपांची नर्सरी काढली. कालव्याचं पाणी पूर्वेकडं पोचलं तशी तिकडूनही रोपांना मागणी यायला लागली, आणि ट्रे पोचवायला गाडी हवीच झाली. नवरा सुट्टीवर आला तेव्हा आम्ही एक वापरलेली डिझेल गाडी घेतली. दिसायला निव्वळ ठोकळा. पण मोठ्या गिअरशेजारी तिला एक छोटा गिअर आहे. तो टाकला की चारही चाकांना जोर मिळतो आणि गाडी बैलासारखी मान खाली घालून ओढते. शहरातल्या माझ्या बहिणीला ती गाडी आवडली नाही. आत फार आवाज येतो म्हणाली. मला तो आवाज हवाच असतो. त्याच्यावरनंच मी गिअर बदलते.

माझे सासरेही ड्रायव्हरच. मी त्यांना मामा म्हणते. ते फौजेत मोठे ट्रक चालवायचे, बर्फाच्या डोंगरातनं, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. हवालदार होऊन परत आले. नंतर मोतीबिंदू झाला, ऑपरेशन झालं, दिसायला लागलं. पण लायसनची मुदत संपली ती त्यांनी वाढवून घेतली नाही. तेव्हापासून ते दुसऱ्याच्या गाडीत बसतात, आणि कसे बसतात हे सगळ्या भावकीला ठाऊक आहे. पुढच्या सीटवर, ताठ, एक हात वरच्या कडीला. बोलत काहीच नाहीत. त्यांचा पुतण्या म्हणतो, "अण्णा शेजारी बसलं की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय."

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर त्यांच्या जुन्या जोडीदाराचा पाय मोडला. दोघं एकाच तुकडीत होते. हा जोडीदार कवठे महांकाळच्या पलीकडचा, मेंढपाळ घरातला. फौजेतनं आल्यावर त्यानंही मेंढरं राखली, आता थोडी द्राक्षं, थोडी ज्वारी. फोनवर दोघांचं रोजचं बोलणं, पण भेट होऊन बरीच वर्षं झाली होती.

"यष्टीनं जाऊन येतो," मामा म्हणाले.

"वस्तीपर्यंत यष्टी जाती का?" आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी विचारलं.

"उतरून चालंन."

"मी नेते की," मी म्हणाले.

मामांनी अंगणातल्या गाडीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हवा बघितलीस?"

"बघितली."

"स्टेपनीची?"

"तीबी."

"मग आयतवारी निघू," म्हणाले, आणि टोपी सारखी करून गोठ्याकडं गेले.

आम्ही सकाळी विट्याकडं निघालो. थंडी पडायला लागली होती. कारखाने नुकतेच सुरू झालेले, त्यामुळं रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, गाणी मोठ्यानं लावून, डुलत चाललेले. त्यांना ओलांडायचं एक तंत्र असतं. मागची ट्रॉली किती डुलतीय ते आधी बघायचं. मग रस्ता मोकळा दिसला की एक गिअर खाली घ्यायचा, इंजिनानं जोर धरला की निघायचं, आणि पुन्हा आपल्या बाजूला येईपर्यंत पाय हलवायचा नाही. अर्धवट मनानं ओलांडणाऱ्याचाच घात होतो. त्या सकाळी मी असे कितीतरी ट्रॅक्टर ओलांडले आणि खरं सांगते, प्रत्येक वेळी मला मजा वाटली. मामा कडी धरून समोर बघत होते.

तासगाव सोडलं आणि द्राक्षबागा लागल्या. मणेराजुरीच्या पुढं मुलूख बदलतो. आमच्याकडची काळी, ओली जमीन मागं पडते, माळ सुरू होतो, आभाळ मोठं होतं. रस्ता लांबवर दिसतो, चढतो, उतरतो, बाभळीत शिरतो आणि पलीकडच्या टेकाडावर पुन्हा वर येतो. अशा रस्त्यावर गाडीला फार सांगावं लागत नाही. वळणाच्या आधी वेग उतरवायचा, वळणात हलकेच पाय द्यायचा, मग ती स्वतःच बाहेर येते. हात, पाय, कान सगळे कामात असतात आणि डोकं मात्र निवांत होतं. घरचं, नर्सरीचं, नवऱ्याच्या बदलीचं काही म्हणजे काही आठवत नाही. मला देवळात बसून अशी शांतता कधी मिळाली नाही. हे आत्यांना सांगण्यात अर्थ नाही.

कवठे महांकाळ ओलांडलं आणि डांबरी रस्ता सोडून मुरमाच्या वाटेला लागलो. वस्ती पलीकडं दिसत होती, पण मधे ओढा होता. परतीचा पाऊस त्या वर्षी चांगला झाला होता आणि ओढा अजून वाहत होता. ओढ्याच्या बरोबर मध्यात दुधाचा एक छोटा टेम्पो रुतून बसला होता. तोंड आमच्याकडं, मागची चाकं वाळूत अर्धी गेलेली, आत दुधाचे कॅन. तिघं-चौघं मागनं ढकलत होते आणि ड्रायव्हर जेवढा रेस करत होता तेवढी चाकं खाली जात होती.

मी काठावर थांबून खाली उतरले. "दोर हाय माझ्याकडं. ओढू का?"

टेम्पोवाला तिशीचा गडी. त्यानं माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, मग मामांकडं. "ताई, तुमच्यानं न्हाई व्हायचं. मागं चढ हाय, वळवायला जागा न्हाई, रिव्हर्समदी वडाय लागंल. आजोबा, तुमी बसता का स्टेरिंगवर?"

मामा तोवर बूट काढून पायजमा वर दुमडत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"मी न्हाई," ते म्हणाले. "ती चालवती. मी हात दावतो."

मी गाडीतला जाड दोर काढला. वडिलांच्या जीपमध्ये दोर, फावडं आणि पाण्याचा कॅन असायचाच, माझ्याही गाडीत असतो. मामांनी दोराच्या गाठी स्वतः मारल्या, टेम्पोच्या पुढच्या हुकाला आणि आमच्या गाडीच्या. पोरांना चाकांपुढची वाळू उपसायला लावली, तिथं दगड-काट्याकुट्या टाकायला लावल्या. टेम्पोवाल्याला म्हणाले, "तू रेस करायची न्हाई. निस्ता पहिला गिअर टाकून सरळ धर. वडायचं काय ते आमी बघतो."

मग ते माझ्या खिडकीशी आले.

"पोरी, मागं बघायचं न्हाई. आरशातबी न्हाई. माझ्या हाताकडं बघ."

एवढं बोलून ते ओढ्यात जाऊन उभे राहिले, टेम्पोच्या जरा बाजूला, मला समोर दिसतील असे. पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत. दोन्ही हात वर.

मी छोटा गिअर टाकला. रिव्हर्स घेतला. मागं अरुंद चढ होता, एका बाजूला घळ, दुसऱ्या बाजूला काटेरी झुडपं, आणि त्यातलं मला काहीच दिसत नव्हतं. दिसत होते ते दोन हात. डाव्या हाताची बोटं जराशी हलली, मी स्टेअरिंग जरासं फिरवलं. तळवा खाली दबला, मी पाय हलका केला. दोर ताणला गेला. इंजिनाचा आवाज खाली बसायला लागला, आणि गाडी बंद पडायच्या आधी जे सांगते ते तिनं सांगितलं. मी पाऊण इंच पाय दिला. चारही चाकांनी मुरूम धरला. टेम्पो हलला, थांबला. मामांचे हात तसेच वर, स्थिर. त्यांना घाई नव्हती, म्हणून मलाही नव्हती. पुन्हा बोटं हलली. आणि मग तो टेम्पो वाळूतनं असा निघाला, की ढकलणारा एक गडी पाण्यात आडवाच झाला.

चढ संपेपर्यंत मी मागं बघितलं नाही. मामांनी दोन्ही मुठी मिटल्या तेव्हा ब्रेक दाबला.

लोकांनी ओरडा केला. टेम्पोवाला पळत आला आणि दोर सोडायच्या आधी म्हणाला, "वहिनी, चुकलं बरं का माझं." ताईची वहिनी कशी झाले कुणास ठाऊक. "दूध नासलं असतं आज." त्यानं कॅनमधनं तांब्याभर दूध काढून दिलं. मी तिथंच उभ्यानं प्यायले. अंगात इतकी तरतरी होती की दूध नसतं तरी चाललं असतं.

आता आम्हाला ओढा ओलांडायचा होता. मामा पुन्हा पाण्यात उतरले आणि टेम्पो रुतला होता तिथनं खालच्या अंगाला पायानं तळ चाचपत पलीकडं गेले. तिथं खडक होता. ते गेले त्याच रेषेनं मी गाडी घातली, सावकाश, एका चालीनं. पाणी दाराखालच्या पायरीला लागलं, गाडी खडकावर जरा कलली, सावरली, आणि वर आली. मामांनी दार उघडलं, पाय रुमालानं पुसले, बूट घातले आणि आत बसले. कडीला हात घातला नाही. हात मांडीवर ठेवून बसले.

वस्तीवर त्यांचा जोडीदार लिंबाखाली बाजेवर पडला होता, पाय प्लास्टरमध्ये. मामांना बघून उठायला लागला तशी त्याची बायको ओरडली. दोघं म्हातारे एकमेकांच्या खांद्याला धरून हसत राहिले.

"कसा आलास रं? ओढ्याला पाणी हाय न्हवं?"

"गाडीनं."

"कुणी आणलं?"

"डायवरनं."

"मग बोलीव की त्येला, च्या घिऊ दे."

"ही काय हुबी हाय," मामा म्हणाले.

त्यानं माझ्याकडं बघितलं. "ही तुझी सून न्हवं?"

"सून घरात. गाडीत डायवर."

जोडीदार मला म्हणाला, "पोरी, ह्येचं बोलणं साधं समजू नगं. आमच्यात एवढी माणसं ट्रक चालवायची, पर ह्यो कुणालाच डायवर म्हणत नव्हता. म्हणायचा, ही समदी स्टेरिंग धरणारी हायती. मलाबी तसंच म्हणायचा."

"तू व्हतासच तसला," मामा म्हणाले, आणि दोघं पुन्हा हसायला लागले.

मी चुलीपाशी जाऊन बसले. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, वर लोण्याचा गोळा. जोडीदाराच्या बायकोनं मला विचारलं, "तुला भ्या न्हाई वाटलं?" मी खरं तेच सांगितलं, की नाही वाटलं. "मग बरं," त्या म्हणाल्या आणि आणखी एक भाकरी वाढली.

परतताना मामा म्हणाले, "आलो त्या वाटंनं नको. ढालगावकडनं माळावरनं काढ, नागजला मोठा रस्ता गावंल."

त्या माळावर पवनचक्क्या आहेत. उन्हं कलली होती आणि पात्यांच्या लांब सावल्या गवतावरनं सरकत होत्या. वाट कच्ची होती, पण सपाट, आणि लांबवर माणूस नाही, मेंढरू नाही. मी गाडी थांबवली. का थांबवली ते त्यांनी विचारलं नाही. मी उतरले, त्यांच्या बाजूला जाऊन दार उघडलं.

"आवं मामा, सरका की तिकडं."

"लायसन न्हाई मला."

"माळाला कुठलं लायसन?"

ते स्टेअरिंगमागं बसले. सीट पुढं घेतली, आरसा हलवला, तिन्ही पेडल पायानं चाचपून बघितले. मग गाडी निघाली. मला वाटलं होतं ते जोरात चालवतील. ते इतकं हळुवार चालवत होते की दुसरा गिअर कधी पडला आणि तिसरा कधी, मला कळलंच नाही. खड्डा आला की गाडी त्याच्यात पडायची नाही, उतरायची. मी इतकी वर्षं गाडी चालवते, पण क्लच असा सोडता येतो हे मी त्या दिवशी बघितलं. त्यांच्या पायाकडं बघत राहिले.

मोठा रस्ता दिसायला लागला तसं त्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला.

"चांगली हाय," ते म्हणाले. "क्लच जरा वरनं धरती. मेस्त्रीला दाव."

मी पुढच्याच आठवड्यात दाखवली. क्लच प्लेट झिजत आली होती. तेव्हापासून पूर्वेकडं रोपं पोचवायला निघाले की मामा टोपी घालून अंगणात येतात. मी विचारत नाही, तेही विचारत नाहीत. मी ट्रे भरते, ते हवा बघतात. वाटेत आता ते बोलतात, आणि फार बोलतात. कुठल्या वळणावर मी लवकर गिअर टाकला, कुठल्या चढाला उशीर केला. दर वेळी ऐकतेच असं नाही. परवा जतच्या रस्त्याला त्यांनी सांगितलं, डावीकडनं जवळ पडंल. मी म्हणाले, उजवीकडचा रस्ता चांगला आहे, आणि उजवीकडं वळले. त्यांनी खिडकीतनं वाकून रस्ता बघितला. मग म्हणाले, "व्हय, हाय चांगला."