कानवाल्या बाईंची नववी पायरी

आमच्या दवाखान्यात कानवाल्या बाई सहा महिन्यांसाठी बदलीवर आल्या आणि एकोणीस वर्षं राहिल्या. कान तपासायचे, मशीन बसवायचं, मशीनचा आवाज पेशंटच्या कानाला जुळवून द्यायचा, हे त्यांचं काम. त्यांचा स्वतःचा डावा कान लहानपणापासून ठार बहिरा. त्यामुळे त्यांच्याशी भांडायचं तर उजवीकडून भांडावं लागतं, आणि मी गेली अकरा वर्षं इमानेइतबारे उजवीकडूनच भांडतोय. मी केसपेपर काढतो. दवाखान्यात कॉम्प्युटर एकच आणि त्यातली अकरा वर्षांची एकूण एक नोंद मी या दोन बोटांनी भरलेली. त्याला कोणी हात लावला की माझं डोकं फिरतं.

घड्याळवाले काका आमचे जुने पेशंट. हात थरथरायला लागले तेव्हा घड्याळं दुरुस्त करणं सोडलं, पण नाव तेच राहिलं. दोन्ही कानांत चौदा वर्षांपूर्वीची मशीनं. काकूंचा आवाज खणखणीत, आणि काका ओठ वाचण्यात पटाईत, त्यामुळे घरात अडत काही नव्हतं. यंदा काकूंना अर्धांगाचा झटका आला. त्या सावरल्या, पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि आवाज इतका बारीक झाला की शेजारी बसलेल्यालाही पुढे वाकावं लागायचं. ओठ वाचता येईनात, आवाज पोचेना. काकू बोलायच्या, काका मान डोलवायचे. तीन महिने हा प्रकार चालला होता. नवी मशीनं दोनदा घालून पाहिली. त्यांत सगळी माणसं पत्र्याच्या डब्यातून बोलतात, असं म्हणून काकांनी ती खिशात टाकली.

जुनीच मशीनं बारीक आवाजासाठी जुळवता आली असती. पण ती जुळवायचं सॉफ्टवेअर फक्त जुन्या सिस्टिमवर चालायचं, आणि आमच्या कॉम्प्युटरवर गेल्या वर्षी नवी आली होती. मशीन बनवणारी कंपनी तर केव्हाच बंद पडलेली. डॉक्टर म्हणाले, सोडून द्या, काकांना समजावून सांगा. बाई म्हणाल्या, एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही सिस्टिम ठेवू, चालू करताना जी हवी ती निवडायची. कॉम्प्युटरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, ठेवता येतात, पण नसता उपद्व्याप आहे, मी हात लावणार नाही.

"मग मी लावते," बाई म्हणाल्या.

मी आकांडतांडव केलं. उजवीकडून. काही उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी एक रविवार दिला आणि बजावलं की सोमवारी सकाळी सगळ्या नोंदी जागेवर दिसल्या पाहिजेत.

पंधरा दिवस बाई फोनवर वाचत होत्या आणि एका रद्द केसपेपरच्या मागे पेन्सिलीनं लिहीत होत्या. एकूण चौदा पायऱ्या झाल्या. रविवारी मी राखणीला आलोच. पहिलं काम, सगळ्या नोंदी बाहेरच्या डिस्कवर उतरवणं. उतरल्यावर मला कोणत्याही दहा पेशंटची नावं सांगायला लावली आणि दहाही नोंदी डिस्कवरून उघडून दाखवायला लावल्या. कॉपी झाली म्हणणं वेगळं आणि उघडणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. मग कॉम्प्युटरच्या पोटातली थोडी जागा मोकळी केली, कपाटातली जुनी सीडी पुसून आत घातली आणि त्या मोकळ्या जागेत जुनी सिस्टिम बसवायला घेतली. ते काम संपत आलं तशा मला म्हणाल्या, जरा चहा घेऊन या.

चहावाला रविवारचा बंद. पाच मिनिटांत मी हात हलवत परत. बघतो तर पडद्यावर जुनी सिस्टिम, एकटीच. बंद करून चालू केलं तरी तीच. निवडायचं बिवडायचं काही नाही. नव्या सिस्टिमचा मागमूस नाही, आणि माझ्या नोंदी तिच्यातच. डिस्कवर कॉपी आहे वगैरे तेव्हा कोणाला आठवतंय! मी तोंडाला येईल ते बोललो. नंतर लक्षात आलं की मी डावीकडे उभा होतो. वळसा घालून उजवीकडे गेलो आणि पुन्हा पहिल्यापासून बोललो.

बाईंनी कागद पुढे केला. नववी पायरी: 'नवी सिस्टिम दिसेनाशी होईल. ती गेलेली नसते. केसपेपरवाल्यांना चहाला पाठवणे.'

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही आठवीलाच वायर उपटली असती," त्या म्हणाल्या.

उपटली असती, यात वाद नाही. त्यांनी समजावलं की जुनी सिस्टिम नवीला ओळखतच नाही, थोरली जाऊ धाकटीकडे ढुंकून बघत नाही तशी. ओळख आपणच करून द्यायची. त्यासाठी पेन ड्राइव्ह तयार होता. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. बाईंनी चष्मा पुसला, कागद पुन्हा वरपासून वाचला, एका ओळीखाली रेघ मारली आणि तिसऱ्यांदा बसल्या. चार वाजता काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या, वर नवी, खाली जुनी. नवी उघडली. नोंदी होत्या, सगळ्या. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

सोमवारची वाट बघायला बाई तयार नव्हत्या. काका-काकू मागच्याच गल्लीत राहायचे. मी जाऊन त्यांना घेऊन आलो. बाईंनी जुनी सिस्टिम चालू केली, काकांच्या मशीनना वायरी जोडल्या आणि काकूंच्या हातात एक कोरा केसपेपर दिला, तोंडासमोर धरायला. ओठ झाकल्याशिवाय त्या कोणाचाही कान तपासत नाहीत. मग काकूंना म्हणाल्या, घरी रोज बोलता तेच बोला.

काकू कागदामागून काहीतरी बोलल्या. जवळ उभा असून मला धड कळलं नाही. काकांनी सवयीनं मान डोलवली. बाईंनी मान हलवून नाही म्हटलं आणि मशीनचा आवाज थोडा बदलला. काकू पुन्हा बोलल्या. पुन्हा बदल. चौथ्या वेळी काकांची मान डोलायची थांबली. ते कागदाकडे बघत राहिले. मीही ऐकायला पुढे वाकलो.

"येतंय," ते म्हणाले. "ऐकू येतंय."

"तेच विचारतेय," काकू म्हणाल्या. "तीन महिने तेवढंच विचारतेय, ऐकू येतंय का. आणि तुम्ही आपले रोज हो म्हणताय."

काकांनी काकूंच्या हातातला कागद हळूच खाली घेतला.

"नव्हतं येत," ते म्हणाले.