छत्री हाताने धरा

आमच्या ह्यांना सगळे छत्रीवाले म्हणतात. गच्चीवरची टीव्हीची डिश म्हणजे छत्री. ती बसवायची, वाऱ्यापावसात फिरली की पुन्हा सरळ करायची, हाच ह्यांचा धंदा. पडद्यावर चौकोन दिसायला लागले की लोकांना देवाआधी हे आठवतात. स्वभावाने अगदी गरीब गाय. पण ही गाय विसरत नाही.

नऊ वर्षांपूर्वी हे डिशच्या दुकानात नोकरीला होते. एकदा ऐन मॅचमध्ये वादळ आलं आणि मालकांच्याच घरच्या छत्रीचा नट तुटला. "तू हाताने धर, मी नट घेऊन येतो," म्हणत मालक खाली गेले आणि मॅच बघत बसले. हे पावसात छत्री धरून उभे. तिकडे दवाखान्यात शेवटच्या घटका मोजणाऱ्या सासूबाईंनी ह्यांच्या नावाचा धोशा लावलेला, "त्याला बोलवा, काहीतरी सांगायचंय." मी फोन केला. ह्यांचा फोन खाली पिशवीत होता, तो मालकांनी उचलला. "सांगतो," म्हणाले. सांगितलं ते मॅच संपल्यावर. हे पोचले तेव्हा सासूबाई गेल्या होत्या. ह्यांनी नोकरी सोडली, पण मालकांना एका शब्दाने बोलले नाहीत. मला त्याचाच जास्त राग आला होता.

गेल्या रविवारी तसंच वादळ. मालकांचा फोन आला, "पोरगी टीव्हीवर गाणार आहे रे, थेट कार्यक्रम! आणि चित्रच येत नाही. माझी माणसं या वाऱ्यात वर चढत नाहीत. झालं गेलं विसर, ये बाबा."

"जाऊ नका," मी म्हटलं. "बसू दे बोंबलत."

"जातो की," म्हणून हे हसले.

मालकांना घेऊन गच्चीवर जाऊन ह्यांनी छत्री फिरवून नीट लावली. "मालक, नट गेलाय. तुम्ही हाताने धरा, मी नट घेऊन येतो." मग खाली येऊन डोकं पुसून हे टीव्हीसमोर बसले. मालकीणबाई खिडकीतून ओरडल्या, "आलं, आलं! अजिबात हलू नका!" पोरगी सुरेख गायली म्हणे. वरून मालक हाका मारत होते, पण त्या पावसात कोणाला ऐकू येणार?

कार्यक्रम संपल्यावर हे वर गेले, खिशातला नट काढून दोन मिनिटांत बसवला.

"खिशातच होता?" मालक कुडकुडत म्हणाले.

"सांगतो," म्हणून हे जिना उतरले.

शेजारीण म्हणाली, फिट्टंफाट झाली. कसली फिट्टंफाट! पोरीचं गाणं मालक मोबाइलवर दहा वेळा बघतील. सासूबाईंना काय सांगायचं होतं, ते आम्ही कुठे बघायचं?