अडीच तास पुढे

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी शिकवते ती शाळा बंद असली की दुपारी मला एक विचित्र गुंगी येते. झोप म्हणावी, तर कूलरची घरघर ऐकू येत असते. जाग म्हणावी, तर समोरच्या भिंतीवर लेकीचं शहर दिसत असतं. अशाच एका गुंगीत मी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर उभी होते आणि चीनची ती पांढरी, लांब नाकाची आगगाडी सरळ फाट्यावर येऊन थांबली. ड्रायव्हर उतरला, त्याने शेवभाजी आणि भाकरी सांगितली आणि ट्रकवाल्यांच्या शेजारी बाजेवर मांडी घालून बसला. लेक खिडकीतून हात हलवत होती. मी म्हटलं, "उतर की गं." ती काहीतरी बोलली, पण काच बंद होती.

मी हे स्वप्न यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "बीडला साधी रेल्वे यायला पिढ्या गेल्या आणि तू थेट बुलेट ट्रेन आणलीस!"

हे म्हणजे माझे यजमान. ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. भारत आणि चीन यांची तुलना हा यांचा हातखंडा धडा. वर्गात शिरल्या शिरल्या विचारतात, "चीन आपल्यापेक्षा किती पुढे आहे?" पोरं काहीबाही आकडे सांगतात. मग हे मनगटावरचं घड्याळ दाखवतात आणि म्हणतात, "अडीच तास!" वर्ग हसतो. हसून झालं की खरा धडा सुरू होतो. आम्ही लहान होतो तेव्हा दोन्ही देश सारखेच गरीब होते, दोघं एकाच वाटेला लागले होते, मग एकाने पाय उचलला. वाढ देशाची असते, राहणीमान माणसाचं असतं, दोन्हींत गल्लत करू नका. हे सगळं मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतसुद्धा बिनचूक म्हणून दाखवीन.

मग आमची एकुलती एक लेक इंजिनिअर झाली, शिष्यवृत्ती मिळवून पुढचं शिकायला चीनला गेली, आणि यांचा धडा आमच्या घरात राहायला आला.

आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. आठवड्याने येतं, कधी पंधरवडाही जातो. कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे प्रत्येकाचा एक कान नळाकडे असतो. पाणी यायच्या आधी नळ खाकरतो, आधी नुसती हवा फुसफुसते. तो आवाज ज्याला पहिल्यांदा ऐकू येईल त्याने गल्लीला हाक द्यायची, ही आमची रीत. बहुतेकदा हा मान समोरच्या आपांचा. त्या दारात उभ्या राहून, "पानी आया रेऽऽ, उठो!" असं ओरडल्या की मेलेला माणूसही बादली शोधत उठेल. हळदीच्या कार्यक्रमातून, नवरीला अर्धी पिवळी सोडून बाया पळालेल्या मी पाहिल्यात. भरायचं तर सगळंच भरायचं, अगदी कुकरचं भांडंसुद्धा. लेक याच घरात वाढली. पाळण्यात असतानाही नळ खाकरला की ती डोळे उघडायची.

तिकडे वसतिगृहात नळ केव्हाही फिरवा, पाणी. पण तिच्या कानाला ते कोण सांगणार? शेजारच्या न्हाणीत कुणी नळ सोडला की ही ताडकन उठायची आणि जे हाताला लागेल ते भरून ठेवायची. बादल्या, टोप, चहाचे मग, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईने एक दिवस खोलीतला तो पसारा पाहिला आणि फोनमधल्या भाषांतराच्या सोयीने हिला विचारलं, "तू मासे पाळतेस का?" लेक हे सांगताना इतकी हसली की फोन तिच्या हातातून पडला. आम्हीही हसलो. मी जरा जास्तच हसले, कारण मला आत कुठेतरी बरं वाटलं. म्हटलं, पोरगी अजून आपलीच आहे.

पहिल्या वर्षी तिचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असे, "पाणी आलं का गं?" इतरांच्या लेकी विचारत असतील की जेवलीस का, बरी आहेस का. आमचं सगळं या एका प्रश्नात यायचं.

मग ती फोन फिरवून मला तिचं जग दाखवायची. तिच्याकडे अंधार पडलेला असे आणि माझ्याकडे ऊन. उंच इमारतींत दिवे लागत जायचे. धुकं असलं की ते दिवे नुसतेच हवेत टांगलेले दिसायचे. नदीकाठी म्हाताऱ्या बाया गाणं लावून रांगेत नाचायच्या. त्या मला फार आवडायच्या. एकदा तिने एका बुद्धविहारातून फोन लावला. दारातच गोल पोटाची, खदाखदा हसणारी मूर्ती. माझे सासरे फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पोटाला लई मिळतंय की तिकडं!" लेक सांगत होती की आबा, हे बुद्ध नव्हेत, आपले बुद्ध आतल्या गाभाऱ्यात आहेत. पण सासऱ्यांचा राहणीमानाचा अभ्यास तोवर पुरा झाला होता.

सगळंच काही तिकडे सोन्याचं नव्हतं. तिच्या खाणावळीत वाढणाऱ्या बाईचं पोर लांब खेड्यात आजीपाशी होतं. ती त्याला वर्षातून एकदा, नव्या वर्षाच्या सुट्टीत भेटायची. मी म्हटलं, "म्हंजी आपल्या ऊसतोडीवाल्यांसारखंच की." लेक म्हणाली, "तसंच. फक्त तिची खोली पक्की हाय अन् नळाला पाणी हाय." यांनी ते वाक्य दुसऱ्या दिवशी वर्गात वापरलं. लेकीला विचारलंही नाही.

दुसऱ्या वर्षी केव्हातरी माझ्या लक्षात आलं की तिच्या मागे पलंगाखाली दिसणारी निळी बादली आता दिसत नाही. आणि ती पाण्याचं विचारतही नाही.

शिक्षण संपलं आणि तिथल्याच एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली. ती म्हणाली, "मी सुट्टीला घरी येते. तिथं बसून ठरवते. सुट्टी संपायच्या आत त्यांना कळवायचंय." यांचं मत ठरलेलं होतं. पोरीने तिथेच राहावं, इथे तिला आठ-आठ तास कोचिंग क्लासमध्ये शिकवत बसावं लागेल. मला मात्र ती हवी होती. देशाचं काय वाढायचं ते वाढू दे, मला माझी पोरगी माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी हवी होती. हे मी आज उघड सांगते, तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

मी गुपचूप तयारीला लागले. गच्चीवर आणखी एक टाकी बसवून घेतली. टँकर मागवून दोन्ही टाक्या गच्च भरल्या. अंगणातले पिंप, हंडे, कळश्या जिन्याखाली लोटून त्यावर सतरंजी टाकली. म्हटलं, ती आहे तोवर आमचाही नळ केव्हाही वाहील, कुठे काही कमी दिसणार नाही. हे बघत होते. म्हणाले, "आकडेवारी सजवतेस होय?" मी म्हटलं, "तुमच्या सरकारांनी सजवली तर चालते."

ती आली ती ऐन मे महिन्यात. मी नवा माठ आणून त्यात वाळा टाकून ठेवला होता. तांब्याभर गार पाणी तिच्यापुढे धरलं, तर तिने पिशवीतून थर्मास काढला आणि म्हणाली, "आई, मला जरा गरम करून दे ना." तिकडे म्हणे सगळे बारा महिने गरम पाणीच पितात. बाहेर डांबर वितळत होतं. सासऱ्यांनी हळूच तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप न्हाई," ते मला म्हणाले, "मग कावून गरम पेती?" मी गॅसवर पाणी ठेवलं आणि उकळी येईपर्यंत माठाकडे बघत राहिले. मला रडू आलं, माठासाठी कुणी रडतं का!

पण ते दिवस गोडही होते. ती भाजीबाजारात फोन दाखवून पैसे द्यायची आणि भाजीवाल्याला सांगायची, "यात आपण न् चीन सारखेच बरं का मामा." संध्याकाळी आम्ही गच्चीवर सतरंजी टाकून पडायचो. आकाश हळूहळू निळं, मग जांभळं होत जायचं, दुरून अजानचा आवाज यायचा, मागोमाग विहारातली वंदना सुरू व्हायची, आणि ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून चिनी भाषेत काहीतरी पुटपुटायची. विचारलं तर म्हणायची, "काही न्हाई, आभाळ म्हणले." अशा वेळी मला वाटायचं की दोन्ही देश एकच आहेत आणि मध्ये फक्त डुलकीचं अंतर आहे.

जायच्या दोन-तीन दिवस आधी तिने गच्चीवर सरळच विचारलं, "आई, तू सांग. थांबू का जाऊ?" हे लगेच सरसावून बसले. पण सासरे मध्येच बोलले. ते सहसा जुनं काढत नाहीत. म्हणाले, "माझा बाप गावच्या आडापाशी बसून ऱ्हायचा. आडाला हात लावायची सोय नव्हती. कुणाला दया आली तर वरून वतायचा, नाय तर सांजपर्यंत वाट. म्या लहान होतो, मला घिऊन जायचा. तिथंच मला झोप लागायची, अन् पाणी पडल्याच्या आवाजानं जाग यायची." लेकीने त्यांचा हात हातात घेतला. 'थांब' हा शब्द माझ्या ओठांवर होता, उद्या म्हणू असं ठरवून मी खाली आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं घर निपचित पडलं होतं. हे निकालाच्या कामासाठी कॉलेजात गेले होते. लेक पुढच्या खोलीत खिडकीखालच्या बाजेवर झोपली होती. पडदा फुगायचा, बसायचा. मी त्याच माझ्या गुंगीत होते. पुन्हा ती आगगाडी फाट्याकडे येत होती. या वेळी ती खाकरत आली, फुसफुसत आली, आणि मग कुणीतरी ओरडलं, "पानी आया रेऽऽ, उठो!"

मी उठून बसले. गल्ली जागी झाली होती. दारं आपटत होती, पिंप फरशीवरून सरकत होते, शेजारची मोटर सुरू झाली. मी जिन्याखालची सतरंजी ओढली, आणि सवयीने लेकीला हाक मारायला वळले. लहानपणापासून कळश्या मी भरायच्या आणि बादल्या तिने.

ती झोपली होती. एक हात गालाखाली, तोंड किंचित उघडं. खिडकीबाहेर आपा दुसऱ्यांदा ओरडल्या. तिची पापणीसुद्धा हलली नाही.

मी तिच्या खांद्याला हात लावणार, तेवढ्यात उंबऱ्यावर बसलेल्या सासऱ्यांनी मला खूण केली. ते तिच्याकडेच बघत होते. त्यांचे डोळे भरले होते. "निजू दे," ते इतकंच म्हणाले.

मी पुढच्या खोलीचं दार अलगद ओढून घेतलं. हंड्याला हंडा लागू नये म्हणून एकेक उचलून नेला. नळाखाली फडकं धरलं, म्हणजे धार वाजणार नाही. एवढं पाणी मी आयुष्यात कधी बिनआवाजाचं भरलं नव्हतं. भरताना मी रडत होते आणि मला बरंही वाटत होतं, दोन्ही एकदमच. यांचा तो राहणीमानाचा धडा मला त्या दिवशी समजला. माझी पोरगी पाणी आलेलं असताना झोपू शकत होती.

ऊन उतरल्यावर ती डोळे चोळत अंगणात आली. भरलेल्या पिंपांची, हंड्यांची रांग बघून जागीच थांबली. हळूच एका पिंपात हात बुडवला.

"मला ऐकूच न्हाई आलं, आई," ती म्हणाली. तिचा चेहरा कावराबावरा झाला होता.

"बरं झालं," मी म्हटलं. "त्यांना कळवून टाक. हो म्हण."

ती गेली. आता तिकडे तिचं स्वतःचं लहानसं घर आहे. फोनमध्ये मागे खिडकी दिसते आणि खिडकीत एक रोप. परवा दुपारी बोलताना, काय मनात आलं कोण जाणे, तिने एकदम विचारलं, "आई, पाणी आलं का गं?"

"रोज येतं की आता," मी म्हटलं.

आणि समोर आपा हाक द्यायला दारात येऊन उभ्या राहिलेल्या दिसल्या, तशी मी फोनवर घट्ट हात ठेवला.