बाथ आणि बेद

इंग्रजी भाषेचे जितके हाल माझ्या आत्याच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या आतोबांनी केले, तितके साऱ्या कुलाबा जिल्ह्याने मिळून केले नसतील. अलिबागच्या कचेरीत जन्मभर नकला उतरवून पेन्शनीत निघालेला हा माणूस 'आंघोळ' हा शब्द विटाळ झाल्यासारखा टाळी. "आंघोळ म्हशीसुद्धा करतात. माणसाने बाथ घ्यावा," असे ते कमरेला पंचा गुंडाळून, टकलाला तेल चोपडत सांगत. त्यातही न्हाणीत घेतात तो बाथ आणि समुद्रात उघड्यावर करतात तो बेद. यात चुकणारा त्यांच्या लेखी रानटी. स्वतः मात्र दोन तांबे ओतून, पाठ कोरडी ठेवूनच बाहेर येत. एकदा दारात मासे घेऊन आलेल्या कोळणीला आत्या म्हणाली, "थांब गो, हे आंघोळ करतायत." न्हाणीतून गर्जना झाली, "बाथ घेतायत म्हण!" कोळीण म्हणाली, "त्यांना काय घ्याचा तं घेऊं दे, तू बोंबील घेतंस का सांग."

अशा या पंडितापुढे एका सकाळी किनाऱ्यावर खरोखरीचा साहेब उभा राहिला. जिल्ह्यात नवाच आलेला, सोबत मडम. बेद करायला इथे बरी जागा कुठे आहे, असे त्याने विचारले. तो शब्द प्रत्यक्ष साहेबाच्या तोंडून ऐकून आतोबा इतके हरखले, की अर्थ पार विसरले. "येस सर, माय हाउस!" म्हणत त्यांनी दोघांना थेट घरी आणले, न्हाणीचे दार उघडले आणि धुरकटलेला बंब दाखवला. मडमेला हसू आवरेना. साहेबाने शांतपणे हात धुतले, थँक यू म्हटले आणि दोघे निघून गेले.

संध्याकाळपर्यंत सारा बाजार हसत होता. मीही पोट धरून हसलो. आतोबांचे इंग्रजी त्या दिवसापासून बंद पडले. मुकाट्याने न्हाणीत जायचे, मुकाट्याने जेवायचे आणि ओटीवर बसून राहायचे. कोणी "बाथ झाला का?" म्हणून खिजवले, तरी मान वर करीत नसत. आत्याने त्या शब्दाला जन्मभर शिव्या घातल्या होत्या, पण हे तिला बघवेना. एका सकाळी ती पदराला हात पुसत ओटीवर आली आणि शेजारपाजारी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, बादचं पाणी काढलंय."

आतोबांनी तिच्याकडे नुसते पाहिले. तिचा उच्चार त्यांनी सुधारला नाही. "आलो," म्हणाले, आणि पंचा घेऊन तिच्यामागून आत गेले.