चमच्याचे ठोके

सातवीत शाळा सोडली ती मोठ्यानं वाचायच्या भीतीनं. उभं राहून धडा वाचताना अडखळले की अख्खा वर्ग हसायचा. पुढे लग्न होऊन लंडनमधल्या हाउन्सलोला आले आणि दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला एका डच आजींकडे दिवसाची मदतनीस म्हणून लागले. तिथं माझं मुख्य काम काय निघावं, तर मोठ्यानं वाचणं. तेही डच!

आजी पूर्वी संध्याकाळच्या वर्गात डच शिकवायच्या. झटका आला, एक बाजू गेली, त्याबरोबर इंग्लिशही गेलं आणि डच आत कुठंतरी अडकून बसलं. त्यांचा मुलगा म्हणाला, "महिन्यानं कौन्सिलच्या बाई आईला तपासायला येतील. आई तोंडानं काही मागू शकली तर घरी राहील, नाहीतर वृद्धांच्या होममध्ये." तो गेल्यावर मी सिंकपाशी रडले. नोकरीसाठी थोडं, आजींसाठी जास्त. मी आले तेव्हाच्या थंडीत, स्वतःला बोलता येत नसताना, त्यांनी आपला कोट माझ्या खांद्यावर टाकला होता.

कपाटात त्यांचीच जुनी वही सापडली. प्रत्येक शब्द तोडून लिहिलेला, तुकड्यांमध्ये टिंबं. 'प्रेमळ' या अर्थाचा शब्द मी अक्षरं दिसली तसा वाचला, "व्रीन-डे-लिज्क."

ठक! आजींनी चमचा टेबलावर आपटला. "लक!"

शेवटच्या तुकड्याचा खरा उच्चार 'लक' होता. कितीतरी दिवसांनी त्या काहीतरी बोलल्या होत्या.

मग रोज चहाबरोबर हेच. एका तुकड्याला एक ठोका. 'दांक-बार' म्हणजे कृतज्ञ, त्याला 'हाइट' जोडलं की कृतज्ञता. आपण 'पणा' लावतो तसंच. लिहिताना शेवटी 'ड', म्हणून मी 'हाइड' म्हणायचे आणि त्या खेकसायच्या, "हाइट!" शब्दाच्या शेवटी 'ये' आला की वस्तू लहान आणि लाडकी होते. कोप म्हणजे कप, कोप्ये म्हणजे पिटुकला कप. नुसतं "म्हणा ना आजी" म्हटलं की ढिम्म. मी चुकले की मात्र त्यांच्यातली मास्तरीण जागी.

घरी नवरा चिडवायचा, "काय गं, आज किती चुकलीस?"

"भरपूर!" मी ऐटीत सांगायचे.

कौन्सिलच्या बाई फॉर्म घेऊन बसल्या त्या दिवशी मी वही उघडली आणि नेमके सगळे उच्चार बरोबर यायला लागले. आजी समाधानानं मान हलवत गप्प. बाई काहीतरी लिहू लागल्या. मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला.

आता चुकायला हवं होतं. मुद्दाम, एवढ्या शिकलेल्या बाईंसमोर. कानात तो सातवीचा वर्ग हसायला लागला. वही हातात थरथरत होती.

"दांक-बार-हाइड," मी म्हणाले.

ठक! "हाइट! नेय, किन्च्ये, हाइट!" आणि मागोमाग डचमध्ये भलंमोठं वाक्य. मुलाला आईचं डच थोडंफार समजायचं. तो डोळे पुसत हसायलाच लागला. "आई म्हणतेय, पोर हुशार आहे, पण हात कापतायत तिचे. तिला आधी काहीतरी खायला द्या."

बाईंनी लिहिलेलं खोडलं. आजी घरीच राहणार होत्या.

किन्च्ये म्हणजे बाळ. तोच लाडका शेवट, या वेळी माझ्यासाठी. मी बिस्किट खाल्लं, वही मिटायला गेले, तर आजींनी चमचा उचलला. "नोख अन केर्च्ये." अजून एकदा.

बाई अजून दारातच होत्या. मी वाचायला घेतलं, आधीपेक्षा मोठ्यानं.